गणेशपुरीचें रान आणि मधुमेहाचें पथ्य

भिवंडी तालुक्यांत तानसा नदीच्या कांठीं गणेशपुरी नांवाचें गांव आहे. तेथील ऊन पाण्याचीं कुंडें, जवळची वज्रेश्वरी देवी आणि १९६१ सालीं समाधिस्थ झालेले नित्यानंद स्वामी यांच्यामुळें मुंबई-ठाण्याच्या यात्रेकरूंना तें चांगलें परिचित आहे. कुंडांत स्नान करावें, दर्शन घ्यावें आणि परतीची गाडी धरावी, असा बहुतेकांचा क्रम असतो. सभोवारच्या रानाकडे मात्र फारसें कोणाचें लक्ष जात नाहीं. त्या रानांत आवळा आहे, टेंभुर्णी आहे, आपटा आहे. उन्हाळ्याच्या अखेरीस तेथें करवंदें आणि जांभळें पिकतात, आणि पहिल्या पावसाबरोबर शेवळें, टाकळा व कुर्डू हीं जमिनींतून डोकें वर काढतात. या झाडांपैकीं कांहींचीं नांवें सुमारें दोन हजार वर्षांपूर्वीं एका वैद्यानें श्रीमंत रोग्याच्या पथ्यांत लिहून ठेवलीं आहेत. आणि तो रोग म्हणजे आज घरोघर ऐकूं येणारा मधुमेह होय.

हा वैद्य म्हणजे सुश्रुत. त्याच्या संहितेंतील चिकित्सास्थानांत प्रमेहाचा विचार आला आहे. त्यांत औषधें तर आहेतच. पण रोग वाढला असतां रोग्यानें कसें राहावें, हें सांगतांना त्यानें मोठी विलक्षण आज्ञा केली आहे. रोगी निर्धन असेल तर त्यानें पायांत जोडा व डोक्यावर छत्री न घेतां, भिक्षान्नावर निर्वाह करीत, एका गांवीं एकच रात्र मुक्काम करीत शंभर योजनें चालावें. रोगी धनाढ्य असेल तर त्यानें वाडा सोडून हरिणांच्या सोबतीनें रानांत राहावें, आणि सावा व देवभात यांसारखीं रानटी धान्यें आणि आवळा, कवठ, टेंभुर्णी व आपटा यांचीं फळें खाऊन दिवस काढावेत. इतरांनीं शेत नांगरावें किंवा विहीर खणावी.

आजच्या वाचकाला प्रथम याचें हसूं येईल. परंतु थोडें थांबून पाहिलें म्हणजे या आज्ञेंतील धोरण ध्यानांत येतें. गरीब आणि श्रीमंत या दोघांनाहि सुश्रुतानें निरनिराळ्या वाटांनीं एकाच ठिकाणीं आणून सोडलें आहे. तें ठिकाण म्हणजे अंगमेहनत आणि जाडेंभरडें अन्न. प्रमेह दोन प्रकारचा, एक जन्मतः येणारा व दुसरा अपथ्यानें जडणारा, हा भेदहि त्यानेंच केला; आणि पहिल्या प्रकारचा रोगी कृश, तर दुसऱ्या प्रकारचा स्थूल असतो, हेंहि नमूद करून ठेवलें. चरकानें या रोगाचीं कारणें सांगतांना सुखासनाची आवड, झोपेचें सुख, दहीं-दुधाचा व मांसाचा अतिरेक, नवें धान्य आणि गुळाचे पदार्थ यांवर बोट ठेवलें, आणि जव हें मुख्य अन्न ठरविलें. पुढें वाग्भटानें प्रमेहावरील श्रेष्ठ द्रव्यें म्हणून आवळा आणि हळद या जोडीचा निर्देश केला.

एवढ्यावरून आपल्या पूर्वजांना सर्व कांहीं ठाऊक होतें, असें म्हणून छाती फुगवणें बरोबर होणार नाहीं. स्वादुपिंड या रोगांत काय करतें, याची त्यांना कल्पना नव्हती. त्यांच्यापाशीं होतें तें दीर्घ व बारीक निरीक्षण. मात्र त्यांनीं दिलेलें पथ्य हें एखाद्या पदार्थाचें नव्हतें, तें एका संपूर्ण राहणीचें होतें. ही गोष्ट लक्षांत ठेवणें अवश्य आहे. कारण पुढील शतकांत हाच धागा हातून सुटला.

युरोपांतहि दीर्घकाळपर्यंत मधुमेहावर पथ्य हाच मुख्य आधार होता. १७९७ सालीं जॉन रोलो या लष्करी वैद्यानें पिठूळ व गोड पदार्थ वर्ज्य करून मांसप्रधान आहार सुचविला. १८७०-७१ सालीं जर्मन सैन्यानें पॅरिसला वेढा घातला व शहरांत अन्नाची टंचाई झाली, तेव्हां बूशार्दा या फ्रेंच वैद्याला असें दिसलें कीं, त्याच्या मधुमेही रोग्यांच्या लघवींतील साखर उतरत आहे. उपासमारीनें शिकविलेला हा धडा विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकांत अमेरिकेंत फ्रेडरिक ॲलन यांनीं अगदीं टोंकाला नेला. त्यांच्या पद्धतींत रोगी कांहीं काळ जगत, पण अस्थिपंजर होऊन जगत.

१९२१ सालीं टोरोंटो येथें बँटिंग व बेस्ट यांनीं इन्सुलिन शोधून काढलें. पुढच्याच वर्षाच्या जानेवारींत चौदा वर्षांच्या एका मुलाला तें टोंचण्यांत आलें, आणि मरणाच्या दारांतून मुलें परत येऊं लागलीं. वैद्यकाच्या इतिहासांत असे दिवस थोडे. पण या यशाबरोबर एक गोष्ट मागें पडली. अन्नाचा विचार आतां बहुतेक हिशेबाचा झाला: किती पीठ, किती साखर, त्यावर किती इन्सुलिन. अन्नांत पीठसाखरेवांचून आणखी काय असतें, हा प्रश्न मधुमेहाच्या दवाखान्यांत बराच काळ फारसा कोणी विचारला नाहीं.

तो प्रश्न विचारला जात होता दुसऱ्या एका दालनांत. जीवनसत्त्वांचे आद्य संशोधक हॉपकिन्स यांच्या केंब्रिज येथील प्रयोगशाळेंत सेंट-ग्यॉर्गी या हंगेरियन शास्त्रज्ञानें १९२८ सालीं एक आम्ल वेगळें केलें. १९३२ सालीं तेंच ‘क’ जीवनसत्त्व ठरलें. आवळ्यांत हें सत्त्व संत्र्याच्या कित्येक पट असतें, असें भारतांतील संशोधकांना आढळून आलें. १९३९-४० च्या सुमारास हिस्सार भागांत दुष्काळ पडला असतां हिरड्या सुजून रक्त येण्याच्या स्कर्व्ही रोगावर आवळ्याचाच उपयोग करण्यांत आला, आणि त्याचा गुण आला. वाग्भटाचा आवळा अशा रीतीनें नव्या शास्त्राच्या दप्तरांत दाखल झाला. मात्र तो मधुमेहाच्या नव्हे, स्कर्व्हीच्या खात्यावर.

याच केंब्रिजमध्यें एका मराठी मुलीनें १९३९ सालीं डॉक्टरेट मिळविली. तिचें नांव कमला भागवत. पुढें त्या डॉ. कमला सोहोनी म्हणून प्रसिद्धीस आल्या. बटाट्यावर काम करीत असतां त्यांना असें आढळलें कीं, वनस्पतींच्या पेशींतहि ‘सायटोक्रोम सी’ हें द्रव्य असतें, व पेशींतील ज्वलनांत त्याचा भाग असतो. स्वदेशीं परतल्यावर त्यांनीं कुन्नूर येथील पोषण-संशोधनशाळेंत आणि नंतर मुंबईच्या विज्ञानसंस्थेंत गरिबांच्या अन्नाचा अभ्यास केला. ताडाच्या झाडांपासून मिळणाऱ्या नीरेंतील जीवनसत्त्वें व लोह कुपोषित आदिवासी मुलांना आणि गर्भवतींना उपकारक ठरतात, असें त्यांनीं दाखवून दिलें. नीरा गोड असल्यामुळें ती मधुमेह्यांचें पेय नव्हे, हें उघड आहे. परंतु अन्नाची किंमत केवळ पोट भरण्यावर न करतां त्यांतील सूक्ष्म द्रव्यांवरहि करावी, ही दृष्टि महाराष्ट्रांत रुजविणाऱ्यांत त्यांचें स्थान मोठें आहे.

आतां या सूक्ष्म द्रव्यांचा आणि मधुमेहाचा संबंध कोठें येतो, तें पाहूं. प्राणवायूवांचून आपण क्षणभर जगूं शकत नाहीं. परंतु चुलींतील जाळ ज्याप्रमाणें अन्न शिजवितो व प्रसंगीं ठिणग्याहि उडवितो, त्याप्रमाणेंच पेशींतील ज्वलनांतून प्राणवायूचे कांहीं उपद्रवी कण बाहेर पडतात. ते शेजारच्या स्निग्ध द्रव्यांना, प्रथिनांना व पेशींच्या बीजद्रव्याला इजा करतात. १९५६ सालीं अमेरिकेंतील डेन्हम हार्मन यांनीं वार्धक्याचें मूळ या कणांत असावें, अशी कल्पना मांडली. १९६९ सालीं मॅक्कॉर्ड व फ्रिडोविच यांनीं या ठिणग्या विझविणारें एक किण्व शरीरांतच असतें, हें सिद्ध केलें. अन्नांतून येणारीं ‘क’ व ‘ई’ जीवनसत्त्वें, गाजर-पालेभाज्यांतील कॅरोटीन वर्गाचीं द्रव्यें आणि जांभूळ-करवंदांना काळानिळा रंग देणारीं द्रव्यें हीं या कामीं मदतनीस म्हणून गणलीं जातात. या सर्वांना मिळून ‘अँटिऑक्सिडंट’ असें नांव पडलें आहे.

रक्तांत साखर वाढली म्हणजे कित्येक पेशींत गरजेपेक्षां अधिक इंधन शिरतें, आणि ठिणग्याहि अधिक उडतात. मधुमेहांत डोळे, मूत्रपिंड व मज्जातंतु यांची जी हानि होते तिचे निरनिराळे मार्ग या एकाच उगमापासून निघतात, असें प्रतिपादन २००१ सालीं मायकेल ब्राउनली यांनीं केलें. त्यांतहि दैवाची क्रूर थट्टा अशी कीं, इन्सुलिन तयार करणाऱ्या स्वादुपिंडांतील बीटा पेशींपाशीं या ठिणग्या विझविणाऱ्या किण्वांचा सांठा मुळांतच तोकडा असतो. म्हणजे ज्या घरावर रोगाचा पहिला घाला पडतो, त्याच घरांत पाणी कमी!

इतकें समजल्यावर पुढची उडी स्वाभाविक होती. हीं द्रव्येंच अर्करूपानें काढून गोळींत भरावीं आणि ती गोळी रोज घ्यावी, म्हणजे झालें. व्यापार्‍यांनीं ती उडी तत्काळ घेतली. शास्त्रज्ञांनीं सावकाश तपासून पाहिली, आणि तपासणीचा निकाल फार बोधप्रद लागला. अमेरिकेंत बावीस हजारांवर पुरुष डॉक्टरांपैकीं निम्म्यांना सुमारें बारा वर्षें कॅरोटीनच्या गोळ्या देण्यांत आल्या; १९९९ सालीं जाहीर झालें कीं, त्यांच्यांत मधुमेह कमी झाला नाहीं. आठ हजारांवर स्त्रियांवर ‘क’, ‘ई’ व कॅरोटीन या तिहींचा नऊ वर्षें प्रयोग झाला. २००९ सालीं त्याचाहि निकाल तोच आला. सेलेनियम हें असेंच एक राखणदार द्रव्य. २००७ सालीं असें दिसून आलें कीं, तें घेणाऱ्यांत मधुमेह उलट अधिक आढळला. फिनलंडमधील धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवरील प्रयोगांत तर १९९४ सालीं असें आढळलें कीं, कॅरोटीनच्या गोळ्यांनीं फुफ्फुसाचा कर्करोग शेंकडा १८ नें वाढला.

आपल्या जांभळाचीहि थोडीबहुत हीच गत झाली. जांभळाच्या बियांचें चूर्ण ही आपल्याकडील जुनी रूढ योजना, आणि इन्सुलिनपूर्व काळांत जांभळानें युरोपांतील औषधपेट्यांतहि जागा मिळविली होती. पुढें ब्राझीलमधील पोर्तो अलेग्रे येथें जांभळाच्या पानांचा चहा रीतसर कसोटीला लावला गेला, आणि रक्तांतील साखरेवर त्याचा परिणाम झालेला दिसला नाहीं. एका फळाच्या एका भागाला सर्व रोगाचा भार उचलावयास लावणें, हेंच मुळांत चुकीचें होतें.

मग अन्नांतील या द्रव्यांचा कांहींच उपयोग नाहीं काय? तसें नाहीं. २०२० सालीं युरोपांतील आठ देशांच्या एका मोठ्या पाहणीचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. तींत लोकांना काय खातां असें केवळ विचारलें नव्हतें; त्यांच्या रक्तांतील ‘क’ जीवनसत्त्व व कॅरोटीन वर्गाचीं द्रव्यें प्रत्यक्ष मोजलीं होतीं. ज्यांच्या रक्तांत हीं द्रव्यें अधिक, त्यांना पुढें मधुमेह होण्याचें प्रमाण कमी आढळलें. दिवसाला भाज्या व फळें मिळून अवघीं सहासष्ट ग्रॅम अधिक खाणें आणि धोका सुमारें चतुर्थांशानें कमी असणें, यांची जोडी दिसून आली. गोळींत जें साधलें नाहीं तें ताटांत साधत असावें, असा याचा अर्थ. परंतु पाहणी ती पाहणी. भाजी खाणारा मनुष्य अन्य बाबतींतहि जपून राहणारा असूं शकतो. खरा पुरावा हवा तर अन्न हातांत देऊन प्रयोग करावयास हवा होता. तो प्रयोग झाला मुंबईंत.

त्याची पूर्वपीठिका पुण्याची आहे. १९९३ सालीं पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनीं पुण्याजवळील सहा खेड्यांतील स्त्रियांचा अभ्यास सुरू केला. तेथील पूर्ण दिवसांचें बालक सरासरी पावणेतीन किलोंच्या आंतबाहेर, तर इंग्लंडमधील साडेतीन किलोंचें. पण २००३ सालीं असें दाखविण्यांत आलें कीं, या किरकोळ बालकांचे स्नायु व पोटांतील अवयव जितके लहान, तितकी त्यांच्या कातडीखालची चरबी कमी नसते. दिसण्यांत कृश आणि आंतून स्थूल! पुढील आयुष्यांत मधुमेहाला बळी पडण्याची तयारी अशी आईच्या उदरांतच होत असावी. याच अभ्यासांतून २००१ सालीं डॉ. शोभा राव व सहकाऱ्यांनीं आणखी एक गोष्ट पुढें आणली. गरोदरपणीं ज्या माता हिरव्या पालेभाज्या, फळें व दूध अधिक वेळां घेत, त्यांचीं बालकें जन्मतः अधिक भरलेलीं होतीं.

या निरीक्षणाच्या आधारें मुंबईंतील झोंपडवस्तींत डॉ. रमेश पोतदार व त्यांच्या देशी-विदेशी सहकाऱ्यांनीं २००६ सालीं एक मोठा प्रयोग आरंभिला. साडेसहा हजारांहून अधिक स्त्रियांचे दोन गट पाडले. दोन्ही गटांना रोजच्या जेवणाव्यतिरिक्त एकेक खाद्यपदार्थ देण्यांत येई. एका गटाच्या पदार्थांत हिरव्या पालेभाज्या, फळें व दूध. दुसऱ्याच्या पदार्थांत बटाटा-कांद्यासारख्या त्या मानानें निःसत्त्व भाज्या. गोळी नाहीं, चूर्ण नाहीं, खरोखरीचें खाणें! आणि विशेष म्हणजे तें दिवस राहण्यापूर्वींपासून सुरू केलें होतें. बालकांच्या वजनांत सरसकट मोठा फरक पडला नाहीं. ज्या माता दिवस राहण्यापूर्वीं निदान तीन महिने तें खात होत्या, त्यांच्या बाळांचें वजन मात्र थोडें अधिक भरलें. पण मधुमेहाच्या बाबतींत जें हातीं आलें तें २०१६ सालीं प्रसिद्ध झालें. बटाट्याच्या गटांत शेंकडा १२.४ स्त्रियांना गरोदरपणाचा मधुमेह झाला; पालेभाजी-फळांच्या गटांत शेंकडा ७.३ स्त्रियांना.

याचें श्रेय एकट्या अँटिऑक्सिडंट द्रव्यांना देतां येणार नाहीं. पानांत कॅरोटीन आहे तसें फोलिक आम्ल, मॅग्नेशियम व चोथाहि आहे. दुधांत प्रथिन आहे, ‘ब-१२’ जीवनसत्त्व आहे. यांपैकीं कोणी काय केलें, हें वेगळें काढून दाखविणें कठीण आहे. कदाचित् तें वेगळें काढतां येत नाहीं, हेंच खरें उत्तर असेल. पान, फळ आणि धान्य हीं एकत्र काम करतात. त्यांतील एकाला ओढून बाटलींत कोंडलें कीं त्याचा मेळ तुटतो. सुश्रुतानें श्रीमंत रोग्याला आवळ्याची गोळी दिली नव्हती. त्यानें त्याला आवळीच्या रानांत पाठविलें होतें, तेंहि गादी आणि पक्वान्नें मागें ठेवून.

आतां त्या रानाकडे वळलें पाहिजे. गणेशपुरीच्या परिसरांतील वारली, कातकरी व मल्हार कोळी यांच्या घरीं नाचणी, वरी व हातसडीचा भात हें पिढ्यान्‌पिढ्यांचें अन्न होतें. त्याला पावसाळ्यांत रानभाज्यांची व उन्हाळ्यांत रानफळांची जोड असे. या अन्नाचें गुणगान करतांना एक गोष्ट विसरतां कामा नये. तें गुणवान् होतें, पण पुरेसें नव्हतें. ठाणें जिल्ह्याच्या आदिवासी पट्ट्यानें भूक किती भोगली, हें १९९२ सालीं जव्हार तालुक्यांतील वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनीं साऱ्या महाराष्ट्राला दाखवून दिलें. भुकेवर उपाय म्हणून स्वस्त धान्याचीं दुकानें आलीं, आणि तीं आवश्यकच होतीं. परंतु त्यांतून वर्षानुवर्षें मिळाले ते तांदूळ आणि गहू. शेताच्या बांधावरील नाचणी त्यांच्यापुढें मागें हटली. इकडे भिवंडी तालुक्यांत मागावरच्या कामापाठोपाठ मोठमोठीं गोदामें उभीं राहिलीं. पाड्यावरचा तरुण तेथें रोजगाराला लागला, आणि चहा-बिस्किट व वडापाव हें त्याचें दुपारचें अन्न झालें.

पुण्याच्या संशोधनाची खरी धग येथें लागते. आजी-आईच्या उपासमारीनें ज्याचा पिंड लहान घडला, त्याच्याच पुढ्यांत आतां पांढरा भात, साखर व तळण येत आहे. भूक आणि सुबत्ता या दोहोंचे तोटे एकाच देहांत भेटतात. १९७२-७५ या काळांत भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनें केलेल्या पाहणींत मधुमेहाचें प्रमाण शहरांत शेंकडा २.१ व खेड्यांत १.५ होतें. २०२३ सालीं प्रसिद्ध झालेल्या तिच्याच देशव्यापी पाहणींत शहरांचा आंकडा १६.४ व खेड्यांचा ८.९ वर गेला. दोन्ही पाहण्यांच्या पद्धति एक नव्हत्या, हें मान्य करूनहि ही वाढ डोळ्यांआड करण्यासारखी नाहीं. ‘हा बंगल्यांतील लोकांचा रोग’ असें म्हणण्याचे दिवस संपले.

शहरांतील सुशिक्षित कुटुंबाला या इतिहासापासून घेण्यासारखें पुष्कळ आहे. ज्याला मधुमेह झाला आहे त्यानें डॉक्टरांचें औषध जांभळाच्या किंवा आवळ्याच्या भरंवशावर सोडूं नये. इन्सुलिनपूर्व काळ कसा होता, तें वर आलेंच आहे. ‘अँटिऑक्सिडंट’ असें मोठ्या अक्षरांत छापलेल्या बाटलीवर पैसा घालण्यापूर्वीं फिनलंडची हकीकत आठवावी. तोच पैसा पालेभाजीवर, नाचणीच्या पिठावर आणि ऋतूंतील फळावर अधिक चांगला खर्च होतो. फळहि फळ म्हणूनच खावें. त्याचा रस काढून त्यांत साखर घालूं नये. आणि घरांतील सून-मुलगी मागाहून, उरलेंसुरलें जेवते अशी जेथें रीत आहे तेथें ती बंद व्हावी. मुंबईच्या प्रयोगाचा सर्वांत मोठा बोध हाच आहे कीं, पुढच्या पिढीची तरतूद आईच्या ताटांत, तीहि दिवस राहण्याच्या आधीं, करावयाची असते.

पावसाळ्याच्या आरंभीं वज्रेश्वरी-गणेशपुरीच्या बाजूला जाणें झाल्यास रस्त्याच्या कडेला कुर्डू, टाकळा व शेवळांच्या जुड्या घेऊन बसलेल्या बाया दिसतील. त्यांच्याकडून भाजी अवश्य घ्यावी, आणि ती कशी करावयाची हेंहि त्यांनाच विचारून घ्यावें. शेवळें काकडाच्या आंबट फळांबरोबर शिजवावीं लागतात, नाहीं तर घशाला खाज सुटते. हें ज्ञान अजून त्यांच्यापाशीं आहे. त्या भाजीला बाजारांत मोल आलें तर ती त्यांच्याहि चुलीवर टिकेल, आणि ज्या रानांत ती उगवते तें रान राखण्याला एक कारण अधिक मिळेल.